टपाल खात्याचा वर्षाचा ताळेबंद आणि आपण

(इंदूर येथे आपल्या मंडळाच्या मासिक सभेत, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, गोवा येथील भगिनी मंडळांनाही हा विषय जवळचा वाटेल म्हणून सविस्तर देत आहोत. – संपादक)



अध्यक्षांनी जेव्हा मला सांगितले की यंदा तुम्ही टपाल खात्यावर बोला, तेव्हा मी त्यांना विचारले, ‘अहो, ऐकायला येणार कोण?’ ते म्हणाले, ‘दिवाळी अंक न मिळालेले सगळे येतील.’ आज सभागृह भरलेले दिसते आहे, त्यावरून अध्यक्षांचा अंदाज खरा ठरला असे म्हणायला हरकत नाही.

मी छत्तीस वर्षे टपाल खात्यात काढली. त्यातली बरीचशी खिडकीच्या आतल्या बाजूला. मी खात्याचा प्रवक्ता नाही आणि कामगार संघटनेचा पुढारीही नाही. मी आता तुमच्यासारखाच खिडकीच्या बाहेर रांगेत उभा राहणारा माणूस आहे. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे मला एवढे कळते की, खात्याचे कौतुक करणारे आणि खात्याला शिव्या देणारे या दोघांनीही त्याचा ताळेबंद सहसा वाचलेला नसतो. तो आज आपण मिळून वाचू या. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. टपाल खात्याचा ताळेबंद नुसत्या तोट्याच्या रकान्यावरून वाचला, तर आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजाचे नुकसान होते. आणि ते नुकसान सुरू झालेले आहे.

आपला आणि टपालाचा संबंध

महाराष्ट्रातल्या माणसाला मराठी पुस्तक हवे असेल तर तो चौकातल्या दुकानात जातो. आपण पिढ्यान्पिढ्या पोस्टमनची वाट पाहिली. मासिके टपालाने आली, लग्नाच्या बोलण्याच्या चिठ्ठ्या टपालाने आल्या, गावाकडच्या वाटणीच्या नोटिसाही टपालानेच आल्या. इथल्या मिल भागात पगाराच्या दुसऱ्या दिवशी मनीऑर्डरची रांग रस्त्यापर्यंत जात असे. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी एवढीशी जागा असायची. ‘आईच्या औषधाचे आहेत, दुसरीकडे खर्चू नये’ हे वाक्य मी कितीदा वाचले असेल, त्याला गणती नाही. लिहिता न येणाऱ्यांसाठी ते मी स्वतः लिहिलेही आहे.

आपल्या शहरांचा तर टपालाशी संबंध खात्याच्याही आधीचा किंवा निदान बरोबरीचा. हैदराबाद संस्थानाची स्वतःची तिकिटे 1869 पासून होती. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या राज्यात ब्रिटिश तिकिटांवर संस्थानाचे नाव छापून 1885 पासून ती वापरली जात. आपल्या इंदुरात होळकरांची तिकिटे 1886 मध्ये निघाली. त्यावर दुसऱ्या तुकोजीरावांचे चित्र होते. स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या सुमारास, ही सगळी संस्थानी टपाले देशाच्या एका टपालात मिसळली. गोव्यात पोर्तुगीज टपाल 1961 पर्यंत चालले. आज गोव्याचे टपाल महाराष्ट्र परिमंडळात मोडते. राजकारणात जे जमले नाही, ते टपालाने करून ठेवले आहे, असे गोव्याचे आमचे एक मित्र गमतीने म्हणतात.

आणि पिन कोड! 15 ऑगस्ट 1972 रोजी तो सुरू झाला. त्यामागचे डोके होते श्रीराम भिकाजी वेलणकर. कोकणातले, संस्कृतचे पंडित, संस्कृतात काव्य-नाटके लिहिणारे, आणि पोटापाण्यासाठी टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. देशात एकाच नावाची गावे शेकड्यांनी, पत्ते लिहिणार प्रत्येक जण आपापल्या भाषेत आणि वाचणारा कारकून दुसऱ्याच भाषेचा. यावर वेलणकरांनी सहा आकडी उपाय काढला. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कार्यालयाचे. देशाचे भौगोलिक विभाग आठ केले आणि नववा सैन्याच्या टपालाला दिला.

आता आपल्या शहरांचे आकडे पाहा. पणजी 403001, इंदूर 452001, ग्वाल्हेर 474001. हे तिन्ही महाराष्ट्राबरोबर ‘चार’ मध्ये. बडोदे 390001 ‘तीन’ मध्ये. हैदराबाद 500001, बेळगाव 590001 आणि निपाणी 591237 हे ‘पाच’ मध्ये. सीमाभागातल्या बांधवांना मी नेहमी सांगतो, पत्ता मराठीत लिहा, अभिमानाने लिहा, पण पिन विसरू नका. पत्त्याची भाषा ज्याला येत नाही त्यालाही आकडे वाचता येतात. एका मराठी माणसाने भाषेच्या अडचणीतून काढलेली ही वाट आहे.

तोटा किती आणि कशामुळे

आता ताळेबंदाकडे वळू. स्वातंत्र्याच्या वेळी देशात 23,344 टपाल कार्यालये होती. आज ती 1 लाख 64 हजारांच्या वर आहेत आणि त्यातली दहापैकी जवळपास नऊ ग्रामीण भागात आहेत. एवढे जाळे जगात दुसऱ्या कोणत्याही देशाकडे नाही. एखाद्या खासगी कुरिअरवाल्याला विचारा, सातपुड्यातल्या पाड्यावर एक लिफाफा नेऊन देशील का? तो आधी दर सांगेल आणि मग सांगेल की तिथे आमची सर्व्हिस नाही.

हे जाळे चालवताना खात्याला तूट येते, हे उघड आहे. 2018-19 मध्ये ही तूट 15,000 कोटी रुपयांच्या घरात गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. सर्वांत तोट्यातली सरकारी संस्था म्हणून एअर इंडिया आणि बीएसएनएलच्याही पुढे खात्याचे नाव लागले. मथळ्याखालचे आकडे मात्र फार कमी लोकांनी पाहिले. त्या वर्षी पगार-भत्त्यांचा खर्च सुमारे 16,600 कोटी आणि निवृत्तिवेतनाचा सुमारे 9,800 कोटी. म्हणजे खर्चाचा बहुतेक सगळा भाग माणसांवर. जून 2018 मध्ये ग्रामीण डाक सेवकांचे वेतन वाढवण्याचा निर्णय झाला, त्याचाही भार त्याच सुमारास पडला. हा ग्रामीण डाक सेवक म्हणजे कोण? सायकलवर थैली लावून चार-पाच गावे फिरणारा, काही तासांपुरता नेमलेला आणि पूर्णवेळ राबणारा माणूस. त्याला वर्षानुवर्षे फार थोडक्यात राबवून घेतले होते. त्याला थोडा न्याय मिळाला आणि ताळेबंदात तो तोटा म्हणून दिसला. हा तोटा म्हणायचा की फिटलेली उधारी, याचा विचार आपणच करावा.

दुसरा आकडा पोस्टकार्डाचा. पोस्टकार्ड 50 पैशांना. ते पोहोचवायला खात्याला 12 रुपयांवर खर्च येतो, असे खात्याच्याच हिशेबावरून काही वर्षांपूर्वी समोर आले होते. साधे पत्र 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपयांना जाते, हा दर वीस वर्षांहून जुना. तोट्याचे हे कारण काही गुपित नाही. सरकारने दर धरून ठेवले, कारण पोस्टकार्ड हे गरिबाचे साधन मानले गेले. पण दर धरून ठेवण्याचा निर्णय सरकारचा आणि त्याचा तोटा लिहिला जातो खात्याच्या नावावर. घरातल्या मोठ्या भावाने पाहुण्यांना जेवायला बोलवायचे आणि महिनाअखेरीला धाकट्या जावेला विचारायचे की किराणा एवढा कसा झाला, त्यातलाच हा प्रकार.

उत्पन्नाची बाजूही पाहू. लोकांना वाटते, तिकिटे विकून खाते चालते. तसे नाही. खात्याच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा बचत बँकेचा आहे. 1882 पासून चालत आलेली ही बँक. आपण जे आरडी, मासिक प्राप्ती, ज्येष्ठ नागरिक बचत, सुकन्या समृद्धी अशी खाती उघडतो, त्यांतला पैसा केंद्र सरकारकडे जातो आणि खाती सांभाळल्याबद्दल अर्थ मंत्रालय टपाल खात्याला मोबदला देते. म्हणजे तुमच्या नातीचे सुकन्या खाते हे नकळत पाड्यावरच्या पोस्टमनला हातभार लावते. हे ध्यानात ठेवा. शेवटी मी याच मुद्द्यावर येणार आहे.

2025 साली काय सुधारले

जून 2024 मध्ये दळणवळण मंत्रालयाची सूत्रे आपल्या ग्वाल्हेरच्या ज्योतिरादित्य शिंदे यांच्याकडे आली. टपाल खाते नफ्यात आणण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पीय भाषणातही टपाल खात्याला मोठी सार्वजनिक मालवाहतूक संस्था करण्याचा संकल्प बोलून दाखवण्यात आला. त्यानंतर वर्षभरात बरेच काही घडले. चांगले ते चांगले म्हटले पाहिजे.

पहिली गोष्ट, संगणक प्रणाली. ऑगस्ट 2025 मध्ये देशभरातील सर्व टपाल कार्यालये नव्या प्रणालीवर आली. आधीची प्रणाली बाहेरच्या कंपन्यांनी उभारलेली होती, ही खात्याच्या स्वतःच्या लोकांनी तयार केली. क्यूआर कोडने पैसे देता येऊ लागले. सुरुवातीला त्रास झालाच. मी स्वतः एका टपाल कार्यालयात, नाव घेत नाही, एक साधे पार्सल देण्यासाठी पावणेदोन तास उभा होतो. खिडकीतली मुलगी घामाघूम झाली होती आणि रांगेतले लोक तिच्यावर ओरडत होते. तिच्या जागी मी छत्तीस वर्षे बसलो असल्यामुळे माझ्या तोंडून शब्द निघेना. पण पुढे प्रणाली स्थिरावली आणि वस्तू कुठवर पोहोचली हे पूर्वीपेक्षा स्पष्ट कळू लागले.

दुसरी गोष्ट, रजिस्टर पोस्ट. 1 सप्टेंबर 2025 पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. स्पीड पोस्ट 1986 चे. 1 ऑक्टोबर 2025 पासून त्याचे नवे दर आले. 50 ग्रॅमपर्यंत शहरातल्या शहरात 19 रुपये, बाहेरगावी 47 रुपये, वर जीएसटी. ज्याच्या नावे पत्र आहे त्याच्याच हाती द्यावे अशी नोंदणी हवी असेल तर 5 रुपये आणि त्यावर कर. ओटीपी सांगितल्यावरच वस्तू देण्याची सोयही आली. विद्यार्थ्यांना दरात 10 टक्के सवलत ठेवली आहे.

इथे मंडळांच्या चिटणीसांनी कान द्यावेत. आपल्यापैकी कित्येक मंडळांच्या घटनेत लिहिलेले आहे की, अमुक सूचना ‘रजिस्टर पोस्टाने’ पाठवावी. आता खिडकीवर जाऊन स्पीड पोस्ट मागावे आणि सोबत नोंदणी हवी असे स्पष्ट सांगावे, पावतीवर ती लागली आहे का ते तिथेच पाहावे. पुढे वाद झाला तर पावती कामाला येते. आणि पुढच्या वार्षिक सभेत घटनेतला तो शब्द दुरुस्त करून घ्यावा.

तिसरी गोष्ट, डिजिपिन. मे 2025 मध्ये हा आला. देशाची साधारण चार मीटर लांब-रुंद अशा चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीला दहा अक्षर-आकड्यांचा एक संकेत दिला. हे काम खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राबरोबर केले. हैदराबादच्या मंडळींनी कौतुक वाटून घ्यावे. मात्र त्यामुळे पिन कोड गेला असे समजू नका. पिन आहे तिथेच आहे. डिजिपिन ही घराच्या दारापर्यंत नेणारी जास्तीची खूण आहे.

चौथी गोष्ट परदेशी टपालाची. तिचा चटका आपल्या बऱ्याच घरांना बसला. अमेरिकेने स्वस्त वस्तूंवरची आयात शुल्काची सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली. शुल्क कोणी गोळा करायचे, याची व्यवस्था तयार नव्हती. त्यामुळे आपल्या खात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक टपाल घेणे थांबवले आणि पुढे ते पूर्णच बंद झाले. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. दिवाळी आली 20 तारखेला! फराळाच्या डब्यांचे काय झाले ते वहिनींना विचारा. आता शुल्क इथेच आगाऊ भरायचे, म्हणजे तिकडे मुलांना डबा सोडवायला पैसे मोजावे लागत नाहीत. यात खात्याला दोष देण्याचे कारण नाही. पण सणाच्या आधी लोकांना नीट आणि त्यांच्या भाषेत माहिती द्यायला काही खर्च लागत नव्हता.

दिवाळी अंक गेला कुठे?

आता ज्यासाठी आपण जमलो आहोत त्या मुद्द्याकडे येतो.

पुस्तके स्वस्तात पाठवण्याची बुकपोस्टची नोंदणीकृत सोय 18 डिसेंबर 2024 पासून बंद झाली. देशभरच्या लहान प्रकाशकांनी ओरड केली. ती ऐकली गेली, हेही मान्य केले पाहिजे. 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100 रुपये. जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, म्हणून थोडे सावकाश, पण माग काढता येतो. अभ्यासाची पुस्तके, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक साहित्य त्यातून पाठवता येते. 1 मे, म्हणजे महाराष्ट्र दिनालाच ही सेवा यावी, हा योगायोग मला आवडला.

पण नियमाच्या पोटात एक ओळ आहे. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने ज्ञान पोस्टात चालत नाहीत आणि व्यापारी जाहिरातीही चालत नाहीत.

आता मला सांगा, दिवाळी अंक म्हणजे काय? दरवर्षी निघतो, म्हणून तो नियतकालिक. जाहिराती नसतील तर तो निघूच शकत नाही, म्हणून जाहिराती आहेत. म्हणजे ज्ञान पोस्टाच्या दारात तो दोन्ही कारणांनी अडतो. बरे, वर्तमानपत्रे आणि मासिकांसाठी जी नोंदणीकृत सवलत असायची, तिची जुन्या कायद्यातली अट होती की प्रकाशन 31 दिवसांच्या आत पुन्हा निघाले पाहिजे. वर्षातून एकदा निघणारा अंक त्यातही बसत नव्हता. खात्याच्या लेखी तो पुस्तक नाही आणि वर्तमानपत्रही नाही. मग उरते काय? पार्सल किंवा स्पीड पोस्ट. अंकाच्या किमतीवर टपालाचा बोजा चढतो. पुण्यातला वाचक दुकानातून अंक घेतो, त्याला हा बोजा नाही. तो पडतो कोणावर? बेळगावच्या वाचकावर, भालकीच्या वाचकावर, बडोद्याच्या आणि आपल्या इंदूरच्या वाचकावर. शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या दिवाळी अंकाच्या परंपरेत महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाचा हिस्सा मोठा आहे. तोच आता महाग झाला.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे यजमान असताना दरवर्षी चार अंक मागवले जात. पुढे दोन झाले, मग एक. गेल्या खेपेला त्या मला म्हणाल्या, ‘भाऊ, अंकाएवढे पैसे टपालालाच लागायला लागले, आता नको.’ मी म्हटले, मोबाईलवर वाचता येतो. त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवले आणि गप्प बसल्या. कोणत्याही वार्षिक अहवालाच्या तक्त्यात या आजी सापडणार नाहीत. एक ग्राहक कमी झाला, एवढीच नोंद, आणि तीही प्रकाशकाच्या वहीत.

मित्रहो, कोणी मुद्दाम मराठीवर डाव धरला आहे, असे मी म्हणत नाही. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवाळी अंक नव्हता, इतकेच. बंगालीत पूजा अंक आहेत, त्यांचीही हीच अडचण असणार. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपली वस्तू नेऊन ठेवणे हे आपले काम आहे. ते आपण केले नाही. बुकपोस्ट बंद झाले तेव्हा प्रकाशक बोलले. वाचक बोलले का? आपल्या किती मंडळांनी ठराव केला?

सेवेचा हिशेब वेगळा लागतो

1854 साली आपल्या देशात अंतर कितीही असो, ठरावीक वजनाच्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर आला. टपालाचे सगळे तत्त्व त्या अर्ध्या आण्यात आहे. जवळच्याने थोडे जास्त द्यायचे आणि दूरच्याचे थोडे कमी घ्यायचे, म्हणजे दूरचा माणूस दूर राहत नाही. खासगी कुरिअर याच्या बरोबर उलट चालतो. तो जवळच्या, भरवस्तीच्या, नफ्याच्या भागात काम करतो. 1898 च्या कायद्याने पत्रे नेण्याचा अधिकार सरकारी टपालासाठी राखून ठेवला होता. 2023 चा नवा टपाल कायदा जून 2024 मध्ये अमलात आला आणि ती राखण संपली. म्हणजे सोपे काम सर्वांसाठी खुले झाले, अवघड काम मात्र टपाल खात्यावर राहिले. हे पाड्यावरचे अवघड काम करताना जो खर्च येतो त्याला ‘तोटा’ म्हणणे म्हणजे शाळेने फी कमी घेतली म्हणून तिला बुडीत कारखाना म्हणण्यासारखे आहे.

नफा मिळवू नका, असे मी म्हणत नाही. पार्सलमध्ये मिळवा, परदेशी मालात मिळवा, विम्यात मिळवा. आळशी कारभाराला सेवेचे पांघरूण घालू नका, हेही मी खात्याचा जुना नोकर म्हणून सांगतो. रांगेतल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ सांगून खिडकी लावून घेणारे आमच्यातही आहेत. पण नफ्याच्या नादात पहिला वार कोणावर होतो? पुस्तकावर, पोस्टकार्डावर, लहान खेड्यातल्या कार्यालयावर. कारण त्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

आपण काय मागावे आणि काय करावे

म्हणून माझी सूचना आहे की, आपल्या सर्व मंडळांनी मिळून चार मागण्या आपापल्या खासदारांकडे, पक्ष कोणताही असो, लेखी पाठवाव्यात.

एक, वर्षातून एकदा निघणाऱ्या साहित्यिक अंकांना, मग ते कोणत्याही भारतीय भाषेतले असोत, ज्ञान पोस्टात घ्यावे आणि जाहिरातींच्या पानांना वाजवी मर्यादा घालावी. फक्त मराठीसाठी मागू नये. बंगाली, मल्याळी, तमिळ मंडळांनाही बरोबर घ्यावे. मागणी मोठी होते आणि न्याय्यही दिसते.

दोन, वार्षिक हिशेबात धंद्याची तूट आणि सेवेच्या बंधनापोटी येणारा खर्च, असे दोन रकाने वेगळे दाखवावेत. कोणता खर्च सरकारने स्वतःहून लादला आहे, हे लोकांना कळू द्या.

तीन, प्रत्येक मुख्य कार्यालयाच्या दर्शनी भागात मागच्या महिन्यात साधे पत्र, ज्ञान पोस्ट आणि स्पीड पोस्ट किती दिवसांत पोहोचले, याचा फलक लावावा. नव्या प्रणालीत हे आकडे असतात. ते लपवण्यात काही हशील नाही.

चार, दर आणि नियम बदलले की त्याची सूचना त्या भागात राहणाऱ्या भाषिक अल्पसंख्याकांच्या भाषेतही लावावी. सीमाभागातल्या खेड्यात एखाद्या म्हाताऱ्याला रजिस्टर बंद झाल्याचे खिडकीवर गेल्यावर कळावे, हे बरे नव्हे.

आणि आता आपले स्वतःचे. टपाल टिकावे असे वाटत असेल तर ते वापरले पाहिजे. नुसते आठवणींचे कढ काढून टपालपेटी टिकत नाही. ज्या पेटीत पत्र पडत नाही ती पेटी एक दिवस निघते. घरातल्या लेकी-नातींची सुकन्या खाती, आपली आरडी, ज्येष्ठांची ठेव यातले काही तरी टपालात ठेवा. वर सांगितले तेच, त्यावर खात्याची चूल चालते. मंडळाचे ग्रंथालय पुस्तके मागवते ती ज्ञान पोस्टाने मागवा. प्रकाशकाला तसे स्पष्ट कळवा, त्यांच्यापैकी कित्येकांना ही सेवा माहीतच नसेल. दिवाळी अंक चार घरांनी मिळून एकाच पत्त्यावर, एकाच गठ्ठ्यात मागवावेत, म्हणजे तोवर तरी टपालखर्च वाटला जाईल. त्या गठ्ठ्यात आमच्या आजींचा अंक मी धरला आहे, त्यांना अजून सांगितलेले नाही.

शेवटचे एक सांगतो. हे वार्तापत्र तुमच्या हाती येते तेही टपालाने. दर महिन्याला त्यातल्या काही प्रती ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत येतात. चिटणीस त्या कपाटात ठेवतात. त्या मी पाहिल्या. बहुतेकांवर पिन कोड नाही. वेलणकरांनी 1972 साली सहा आकडे दिले, ते आपण अजून लिहीत नाही, आणि खात्याने आमच्यासाठी काय केले हे विचारायला मात्र आपण पुढे! म्हणून आज घरी जाताना दाराशी जी वही ठेवली आहे त्यात प्रत्येकाने आपला पूर्ण पत्ता पिनसह लिहून जावे. मागण्यांचे निवेदनही तिथेच आहे, त्यावर सही करावी. ते निवेदन उद्या मी स्वतः खिडकीवर नेऊन देणार आहे. स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, आणि पावती मंडळाच्या दप्तरी जमा करीन.